सिएनाचा ऑइल फिल्टर घरी बदलताना : न सुटणारी टोपी, गळणारी ओ-रिंग

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे आणखी कुणी वाचलं तर त्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे २०१४ ची टोयोटा सिएना आहे, ३.५ लिटरचं व्ही-६ इंजिन, १ लाख १८ हजार मैल झालेले. राहता न्यू जर्सीत. मागच्या वेळी झटपट ऑइल बदलून देणाऱ्या एका दुकानातून गाडी आणलीत आणि तेव्हापासून ड्राइव्हवेवर रोज रुपयाएवढा तेलाचा डाग पडतो. म्हणून या खेपेला घरीच करायचं ठरवलंत. रॅम्प आणले, ऑइल-फिल्टर आणलं, गाडीखाली शिरलात, आणि फिल्टरची काळी टोपी काही केल्या हलेना. पाना दोनदा सटकला. टोपी कशी काढायची, परत किती आवळायची, गळती का होतेय आणि तेरा वर्षांच्या मुलाला या कामात घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी सतराव्या वर्षी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये लागलो आणि गेली एकोणीस वर्षं इथे न्यू जर्सीत हेच काम करतोय. तुमच्या गाडीतलं इंजिन, ज्याला टोयोटा २जीआर-एफई म्हणते, माझ्या हाताखालून रोज जातं. तेव्हा वाचीव माहिती नाही, हातातली सांगतो.

सगळ्यात आधी, आत्ता आहात तिथेच थांबा. पाइप पाना लावू नका, पट्टा लावू नका, स्क्रूड्रायव्हर टेकवून हातोडी मारू नका. टोपी प्लास्टिकची आहे. तिच्या कडेला जे पैलू आहेत त्यांच्यावरच सगळा जोर येतो आणि ते एकदा झिजले की दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं. आणि अजून चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, नट काढला नसेल तर फारच चांगलं. हा नियम कायमचा लक्षात ठेवा: फिल्टरची टोपी सुटते याची खात्री झाल्याशिवाय चेंबरमधलं ऑइल सोडायचं नाही. टोपी पाव आटा ढिली करून बघायची, सुटली की तशीच ठेवायची आणि मग खालचं ऑइल गाळायला घ्यायचं. उलट केलं तर ऑइल गेलेलं, फिल्टर निघत नाही आणि गाडी कुठे नेताही येत नाही, अशा अवस्थेत रविवारी संध्याकाळी माणसं फोन करतात.

पाना सटकतो याचं कारण दहात नऊ वेळा पानाच असतो. या टोपीला वाटीसारखा पाना लागतो, ६४ मिलिमीटरचा, आतून १४ पैलूंचा. दुकानात शेजारी शेजारी ६५, ६६, ७४, ७६ असे सगळे टांगलेले असतात, त्यामुळे डब्यावरचा आकडा आणि पैलूंची संख्या दोन्ही बघून घ्या. पातळ पत्र्याच्या वाट्या स्वस्त मिळतात, पण जोर आला की त्यांचं तोंड फाकतं आणि मग त्या पैलूंवरून घसरतात. जाड, ओतीव ॲल्युमिनियमची वाटी घ्या. चार डॉलर जास्त जातील, पण ती गाडी विकेपर्यंत पुरेल.

वाटी चढवताना ती तिरकी राहू देऊ नका. खालून तळव्याने वर ढकला, पूर्ण बसली की ‘टप’ असा बारीक आवाज येतो आणि ती हलवली तरी डगडगत नाही. मग ३/८ इंच चौकोनाचा लांब दांड्याचा रॅचेट लावा, एका हाताने वाटी वर दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने हळूहळू जोर वाढवत न्या. झटके देऊ नका, झटक्यातच वाटी सटकते. दिशेचं एक सांगतो, कारण यात अनुभवी माणसंही फसतात. उताणं पडून वर बघताना उजवं-डावं डोक्यात उलटं होतं. तुमचं तोंड टोपीकडे आहे, टोपीचा तळ तुमच्याकडे आहे, तर घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवलं की सुटणार. तुम्ही दोनदा पाना सटकवलात तेव्हा कुठल्या दिशेला जोर देत होतात ते एकदा आठवून बघा.

तरीही हलत नसेल तर गाडी पाच मिनिटं चालू ठेवून इंजिन कोमट करा, बंद करा, वाटी पक्की बसवून तिच्या बुडावर रबरी हातोडीचे तीन-चार हलके ठोके द्या आणि परत प्रयत्न करा. कोमट म्हणतोय, गरम नाही. एक्झॉस्टचा पाइप फार दूर नसतो आणि मनगट भाजायला क्षणभर पुरतं. एवढं करूनही नाही सुटली किंवा पैलू गेलेलेच असतील, तर चेंबरला हात न लावता गाडी जवळच्या मेकॅनिककडे न्या, टोपी काढून घ्या आणि नवीन टोपी बसवा. झिजलेली टोपी परत लावण्यात काटकसर करू नये.

आता ती इतकी घट्ट का बसली, याकडे येतो, कारण तुमची गळती आणि घट्ट टोपी यांचं मूळ एकच असावं असं मला वाटतं.

या इंजिनाचा फिल्टर म्हणजे पत्र्याचा डबा नाही. आत नुसती कागदी घड्यांची पुंगळी असते, ती टोपीत बसते आणि टोपी इंजिनाला खालून आट्यांनी लागते. ऑइल बाहेर येऊ न देण्याचं काम आटे करत नाहीत, टोपी किती आवळली आहे यावरही ते फारसं अवलंबून नाही. ते काम करते टोपीच्या खाचेत बसलेली रबराची ओ-रिंग. टोपीची कड इंजिनाच्या धातूला टेकली की आवळणं संपलं. त्यापुढे लावलेला जोर रबरापर्यंत पोचतच नाही, तो फक्त प्लास्टिकवर जातो. घाईत काम करणारा माणूस जुनी ओ-रिंग तशीच ठेवतो, ती गळते, मग गळू नये म्हणून जोरात आवळतो. गळती थांबत नाही आणि टोपी मात्र पुढच्या माणसाला सुटत नाही.

अर्थात गळती तिथूनच आहे हे आधी नक्की करा. टोपीचा परिसर, चेंबरचा नट आणि त्याच्या आजूबाजूचा भाग ब्रेक क्लीनर मारून फडक्याने कोरडा पुसा. मग त्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर उडवा, गाडी दहा-पंधरा मैल फिरवा आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्यावर तेलाची वाट स्पष्ट उमटते. आमच्याकडे त्यासाठी निळ्या दिव्याखाली चमकणारा रंग असतो, पण पावडरने घरच्या घरी तेच काम होतं. ओल टोपीच्या कडेपासून सुरू होत असेल तर ओ-रिंग. टोपीच्या तळाच्या मधोमध जो छोटा प्लग आहे तिथून असेल तर त्याची छोटी रिंग. चेंबरच्या नटाला थेंब लोंबत असेल तर नटाचं पॅकिंग. आणि ओल जर वरून, इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूने खाली येत असेल तर ते टायमिंग कव्हर, म्हणजे टायमिंगच्या साखळीवरचं झाकण, असू शकतं. या इंजिनाचा तो जुना त्रास आहे आणि त्याचा खर्च मोठा असतो. तसं निघालं तर फिल्टर बदलून उपयोग नाही, आधी कुणाला तरी दाखवा. एक आणखी, तुमच्या शेजारी कुणाकडे २००७ ते २०१० ची सिएना याच व्ही-६ इंजिनाची असेल तर त्यांना सांगा की त्या गाड्यांत एका ऑइलच्या नळीत रबराचा तुकडा होता, तो फुटून सगळं ऑइल जायचं. टोयोटाने नंतर पूर्ण धातूची नळी दिली. ती बदलली आहे ना एवढं बघून घ्यावं. तुमच्या २०१४ ला ती काळजी नाही.

ओ-रिंगबद्दल मी इतकं का बोलतोय ते सांगतो. उद्यमनगरात मला लागून चार महिने झाले होते. एका डिझेल जीपचा फिल्टर मी एकट्याने बदलला, पहिल्यांदाच. त्या गाडीला पत्र्याच्या डब्याचा फिल्टर होता. जुना डबा काढला, नवा लावला, हाताने आवळला, ऑइल भरलं. गाडी गगनबावड्याच्या रस्त्याला लागली आणि पंधरा-वीस किलोमीटरवर थांबली. जुन्या डब्याचं पॅकिंग इंजिनालाच चिकटून राहिलं होतं आणि मी त्याच्यावर नवं पॅकिंग दाबून बसवलं होतं. दोन रबरं एकावर एक कधीच टिकत नाहीत, दाब आला की एक सरकतं. ड्रायव्हर शहाणा होता, ऑइलचा लाल दिवा लागल्याबरोबर त्याने इंजिन बंद केलं, म्हणून इंजिन वाचलं. वस्तादांनी मला शिवी दिली नाही. दुसऱ्या गाडीने तिथे नेलं, रस्त्यावर बसवलं आणि ते जुनं पॅकिंग माझ्या हाताने काढायला लावलं. मग म्हणाले, “जुनं हातात आल्याशिवाय नवं बसवायचं नाही.” तेव्हापासून आजपर्यंत मी काढलेली प्रत्येक रिंग नव्या रिंगशेजारी फडक्यावर मांडून ठेवतो. दोन काढल्या, दोन बसवल्या, असं मोजतो. तुमच्या ओळखीत होंडा ओडिसी असेल तर तिला डब्याचाच फिल्टर आहे, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्यासाठी जास्तच लागू. डबा काढला की इंजिनावरच्या जागेवरून बोट फिरवून बघायचं, गुळगुळीत धातू लागला पाहिजे.

आता काम. गाडी रॅम्पवर चढवलीत ते उत्तम. पायाने दाबायचा पार्किंग ब्रेक पूर्ण दाबा, गिअर ‘पी’मध्ये आणि मागच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून ओंडके. पुढची चाकं वर असताना गाडी मागे घसरू नये म्हणून ही काळजी. जॅक वापरणार असाल तर खाली घोड्या (जॅक स्टँड) लावल्याशिवाय शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली न्यायचा नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी स्वतःही जात नाही.

वर इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडून ठेवा, खाली धार मोकळी पडते. चेंबरच्या नटाला १४ मिलिमीटरचा गोटी (सॉकेट) पाना किंवा रिंग पाना लागतो. शेवटचे आटे हाताने फिरवताना नट वर दाबून धरा आणि एकदम बाजूला घ्या, म्हणजे ऑइल हातावर येत नाही. धार सुरुवातीला लांब पडते, मग जवळ येते, तेव्हा परात तशी सरकवायला हवी. थेंब थेंब होईपर्यंत पंधरा मिनिटं सोडा. तोवर नटाचं पॅकिंग बदला. ते जुनं पॅकिंग कधी नटाला, कधी चेंबरलाच चिकटलेलं असतं, तिथेही मोजणं आलंच. परत लावताना नट आधी बोटांनी चार-पाच आटे फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका लागतोय, काढा आणि परत लावा. चेंबरचे आटे गेले की दुरुस्ती महागात जाते आणि ते बहुतेकदा जातात अशाच वेळी, तिरक्या नटाला पाना लावला की. बोटांनी बसला की ४० न्यूटन-मीटर, म्हणजे ३० फूट-पाउंडाला आवळायचा (ही आवळण्याच्या जोराची मापं).

फिल्टर इंजिनाच्या पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या मागे, खाली तोंड करून आहे. त्याच्या तळाचा छोटा प्लग काढायला गोटी लागत नाही, ३/८ रॅचेटचा चौकोन त्याच्यात थेट बसतो. तो काढला तरी ऑइल लगेच येत नाही, कारण आत एक स्प्रिंगची झडप आहे. टोयोटाच्या फिल्टरच्या खोक्यात जी छोटी प्लास्टिकची नळी येते ती तिथे दाबून बसवली की झडप उघडते आणि टोपीतलं ऑइल नळीतून परातीत पडतं. बरेच मेकॅनिक ही नळी फेकून देतात आणि टोपी सरळ उघडतात. कामाला दोन मिनिटं कमी लागतात आणि ऑइल कोपरापर्यंत येतं. घरी करताना नळी वापरा. तुमच्याकडे गडबड नाही आणि ड्राइव्हवे तुमचाच आहे.

टोपी काढली की फिल्टर तिच्यासोबत खाली येतो किंवा वरच अडकून राहतो. राहिला तर बोटाने खाली ओढा. आता माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा भाग, आणि पत्र्याच्या डब्याच्या फिल्टरमध्ये तो मिळत नाही. जुन्या फिल्टरच्या कागदी घड्या उजेडात बोटांनी उघडून बघा. काळं ऑइल ठीक आहे, काळी मऊ भुकटीही ठीक. पण घड्यांत चकाकणारे कण किंवा पापुद्रे दिसले तर थांबा. लोहचुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, नाही चिकटले तर बेअरिंगचा किंवा ॲल्युमिनियमचा भाग झिजतोय. एखाददुसरा बारीक कण सव्वा लाखाच्या आसपासच्या इंजिनात निघतो. चिमूटभर निघाले तर फोटो काढून मेकॅनिकला दाखवा. इंजिन आतून कसं आहे हे फुकटात सांगणारी एवढीच खिडकी आहे, आणि बहुतेक दुकानांत तो फिल्टर न बघता पिंपात जातो.

मग ओ-रिंग. जुनी काढायला स्क्रूड्रायव्हरचं टोक वापरू नका. खाचेत प्लास्टिकवर ओरखडा पडला की नवी रिंगही त्याच जागी गळते. दोन बोटांनी रिंग एका बाजूला सरकवा, तिथे फुगवटा येतो, तो धरून उचला. जुनी आणि नवी शेजारी धरून बघा. नवी कुठूनही चिमटीत धरली तरी गोल लागते. जुनीची एक बाजू चपटी झालेली असते, कडक असते, वाकवली तर बारीक भेगा उघडतात. तुमच्या टोपीवरची रिंग अशी निघाली तर ड्राइव्हवेवरच्या डागाचं उत्तर मिळालं.

नवी रिंग कुठल्या खाचेत बसते ते जुनी काढायच्या आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आट्यांच्या खाली, टोपीच्या कडेजवळ एक खोल गुळगुळीत खाच आहे, तीच तिची जागा. घाईत ती आट्यांलगतच्या सपाट भागावर अडकते, तिथेही ती ‘बसली’ असं वाटतं, आणि टोपी लावताना कापली जाते. रिंगला नव्या ऑइलचं बोट फिरवा, खाचेत बसवल्यावर पूर्ण गोलाकार बोट फिरवून कुठे पीळ पडला नाही ना बघा. कोरडी रिंग आवळताना टोपीबरोबर ओढली जाते आणि वळते. टोपी आतून पुसून घ्या, वर इंजिनाची जागाही धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, नवी पुंगळी बसवा आणि टोपी हाताने फिरवत न्या. पहिले आटे लोण्यासारखे फिरले पाहिजेत. शेवटी रिंगचा थोडा अडथळा लागतो, तिथून वाटी-पाना घ्या.

किती आवळायची? २५ न्यूटन-मीटर, १८ फूट-पाउंड. हा आकडा टोपीवरही कोरलेला असतो, टॉर्च मारून बघा. टॉर्क पाना, म्हणजे हा जोर मोजून आवळणारा पाना, तीस-चाळीस डॉलरला मिळतो आणि तुम्ही हे काम दरवर्षी करणार असाल तर तो घ्याच. नसेल तर टोपीची कड धातूला टेकल्याचं हाताला कळतं, तिथून रॅचेटचा दांडा मध्यावर धरून एक छोटा दाब, बस. दांड्याच्या टोकाला धरू नका, तिथे किती जोर लागतो हे कळत नाही. छोट्या प्लगची छोटी ओ-रिंगही खोक्यात असते, ती बदला आणि त्याला फक्त १३ न्यूटन-मीटर. या प्लगला लोक फार जोर लावतात आणि टोपीचा मधला भाग तडकतो.

ऑइल ०डब्ल्यू-२० या ग्रेडचं, फिल्टरसकट ६.१ लिटर, इथल्या मापात ६.४ क्वार्ट. पाच क्वार्टचा एक कॅन आणि एकेक क्वार्टच्या दोन बाटल्या घ्या. आधी सहा क्वार्ट भरा. इंजिन चालू करा, ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत गेला पाहिजे. नाही गेला तर लगेच बंद. दिवा गेला की मिनिटभर चालू ठेवून टॉर्चने टोपी आणि नट बघा. दोन्ही कोरडे असतील तर बंद करा, गाडी रॅम्पवरून उतरवून सपाट जागी लावा, पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघा. गाडीचं नाक वर असताना घेतलेलं माप खोटं असतं. कमी वाटेल तेवढं थोडं थोडं घाला, वरच्या खुणेच्या पुढे नेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवलेला असू द्या. तो कोरडा राहिला की तुमचा जुना प्रश्न सुटला. मात्र गाडीला खाली प्लास्टिकचं आच्छादन असेल तर जुनं सांडलेलं ऑइल त्याच्यात साचलेलं असतं आणि ते चार-पाच दिवस ठिबकत राहतं, तेव्हा ते आधीच पुसून घ्या, नाहीतर चांगलं केलेलं काम परत उघडायला निघाल.

‘मेंटेनन्स’चा पिवळा दिवा घालवायला मायलेजचा आकडा ‘ट्रिप ए’वर आणा, गाडी बंद करा, ट्रिपचं बटण दाबून धरा आणि ते न सोडता इंजिन न लावता इग्निशन चालू करा. बटणाच्या गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता दोनदा बटण. आडव्या रेघा जाऊन शून्य दिसले की सोडा.

फिल्टर टोयोटाचाच हवा का? टोयोटाचा नंबर ०४१५२-वायझेडझेडए१, तो महाग नाही आणि त्यात दोन्ही रिंगा आणि नळी येते, म्हणून मी तोच सुचवतो. दुसऱ्या चांगल्या कंपनीचा चालेल, फक्त खोकं उघडून दोन रिंगा आहेत ना ते दुकानातच बघा. किती मैलांनी बदलायचं, तर टोयोटा या ऑइलला १० हजार मैल किंवा एक वर्ष सांगते, आणि थंडीत लहान लहान फेऱ्या किंवा धुळीचे रस्ते असतील तर ५ हजार. शाळा, किराणा, ट्रेन स्टेशन अशा जर्सीच्या हिवाळ्यातल्या फेऱ्यांत ऑइल धड तापतच नाही, त्यामुळे तुमच्या गाडीला मी ५ हजारच सांगेन. तुम्ही नवी गाडी घेतलीत तरी हे काम घरी करता येतं. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे, आणि केवळ ऑइल स्वतः बदललं म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. ऑइल-फिल्टरच्या पावत्या आणि तारीख-मैलांची नोंद तेवढी जपा.

काढलेलं ऑइल रिकाम्या झालेल्या कॅनमध्ये आणि बाटल्यांत भरून ऑटोझोन किंवा ॲडव्हान्स ऑटो पार्ट्ससारख्या दुकानात न्या, फुकट घेतात. त्यात कूलंट, पाणी, पेट्रोल काही मिसळू देऊ नका, मिसळलेलं ते घेत नाहीत. फिल्टर एका पिशवीत रात्रभर उलटा निथळत ठेवा. नाल्यात, गवतात, कचऱ्याच्या पिशवीत एक थेंबही जाऊ नये. एक गॅलन जळकं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, असं इथली पर्यावरण संस्था, ईपीए, सांगते. हातात नायट्रिलचे हातमोजे घाला, हे मी फार उशिरा शिकलो. वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नसतं.

आणि तुमचा मुलगा. जरूर घ्या. गाडीखाली या वर्षी नको, नट आणि टोपी तुम्हीच सोडवा. पण त्याला फडक्यावर रिंगा मांडायला द्या, जुन्या दोन, नव्या दोन. नवी रिंग ऑइल लावून त्यालाच टोपीत बसवू द्या, तेरा वर्षांची बोटं या कामाला तुमच्या-माझ्यापेक्षा बरी. घड्यांमधले कण चुंबकाने त्याला शोधू द्या. आणि शेवटी डिपस्टिक त्याला वाचायला लावा: एकदा ओढून पुसायची, पूर्ण आत घालायची, परत काढायची, आडवी धरायची आणि दोन्ही बाजू बघायच्या. एक बाजू जास्त दाखवते, कारण नळीला घासून ऑइल वर चढतं. कमी दाखवणारी बाजू खरी मानायची.

टोपी सुटल्यावर रिंगेचा फोटो पाठवा.